पाहुणीचा वाटा

१० फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची. रेवदंड्याला एसटीतून उतरले, तर समोर सुकत घातलेले बोंबील आणि मितेश रिक्षावाला. “कांदळखार? बैठो मॅडम, अपनाच गाव हाय.” गाव येईपर्यंत त्याने माझं नाव, पालीचं घर, जात, बाबांची कंपनी आणि लग्न का झालं नाही, हे सगळं काढून घेतलं. मुलाखत कशी घ्यावी हे आम्हाला एम.ए.ला अख्खं सेमिस्टर शिकवलंय. त्यातला एक तास मितेशला शिकवायला द्यायला हवा होता.

माझ्या गाईड बोकील मॅडमनी बजावलंय की प्रबंधाची टिपणं वेगळी ठेव आणि मनातलं वेगळं लिही. म्हणून ही डायरी. मनातलं एवढंच, की मला घाई झालीये. वर्गातल्या सगळ्यांचं अर्धं काम उरकलंय आणि माझ्याकडे फक्त एक प्रश्न आहे. गावाने वाळीत टाकणं हा आता कायद्याने गुन्हा आहे, तक्रारी होतात, खटले उभे राहतात, आणि मग साक्षीदार कोर्टात गप्प का बसतात?

इथला खटला साधा आहे. रामचंद्र पाटलांचं बांधावरच्या वाटेवरून भांडण झालं. गावकीने बसून ते मिटवलं, पण यांना ते पटलं नाही आणि हे पोलिसांत गेले. गावाला डावलून ठाण्याची पायरी चढले म्हणून तीन वर्षं त्यांच्याशी कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या निकेतचं लग्न होतं. मांडवाला एक माणूस आला नाही आणि हळदीला धवलारीण आली नाही. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी म्हणून विधी लावणारी बाई. भटजी बाहेरून आणता येतो, पण धवलारणीच्या गाण्याशिवाय इथे अंगाला हळद लागत नाही. निकेतचं लग्न शेवटी अलिबागच्या हॉलमध्ये स्पीकरवर गाणी लावून झालं.

ती न आलेली धवलारीण म्हणजे येसूबाई. “बाळाजी नानांनी जाऊ नको सांगितलं,” असं तिने पोलिसांना जबाबात सांगितलंय. नाना म्हणजे गावकीचे अध्यक्ष. सगळा खटला त्या एका वाक्यावर उभा आहे. सहा मेला तिची कोर्टात साक्ष आहे, आणि मी तिच्याच घरात मागची खोली भाड्याने घेतलीये. याला म्हणतात नशीब!

१५ फेब्रुवारी

काल एका हळदीला येसूमावशीबरोबर गेले. घरात ही बाई नवऱ्याला, धर्माकाकांना, हळू आवाजात “जेवाला बसा” म्हणते, तीच मांडवात उभी राहिली आणि पहिली ओळ उचलली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पोरींची कुजबूज बंद. ढोलवालाही गप्प. नवऱ्या मुलाच्या आजीने तिला पाटावर बसवून आधी तिला कुंकू लावलं.

घरी येताना म्हणाली, “या गावान जेवरी पोरां हायत, सगल्यांची हल्द मी लावली.” मग जरा थांबून, “एक सोरून.”

मी काही विचारलं नाही. पाठ थोपटून घेण्यासारखा संयम दाखवला.

तिची मुलगी क्रांती रेवदंड्याला औषधांच्या दुकानात काम करते. तिचं लग्न मे महिन्यात ठरलंय. मावशीला आत्तापासून एकच काळजी, की स्वतःच्या मुलीची हळद स्वतः कशी लावायची. रडू आलं तर गाणं कोण म्हणणार?

२१ फेब्रुवारी

गावकीचे अध्यक्ष बाळाजी नाना यांना भेटले. मी खलनायकाची तयारी करून गेले होते. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहात वेलची घातली, आणि माझ्या शिक्षणाचं इतकं कौतुक केलं की आईने आयुष्यात केलं नसेल. पूर्वजांची मिठागरं गेली, आता चार डंपर आहेत. धर्माकाका त्यांच्याच डंपरवर ड्रायव्हर आहेत, हे मला तिथे कळलं.

“आमचे गावान वालीत-बिलीत काय नाय, पोरी. ज्याला गाव नको, त्याला गाव कनाला पायजे? गाव करी ते राव न करी, येवराच.” मग म्हणाले, “येसूचे घरी हायस ना? बरा हाय. चांगली बाई. पोलिसांनी घाबरवून काय ते लिवून घेतला तिच्याकरून. आमी काय मनावर घेतला नाय.”

किती मोकळेपणाने बोलले! मी टिपणात लिहिलं: ‘नेतृत्व सौम्य, संवादाला अनुकूल.’

४ मार्च

मॅडमचा फोन. “तुझी व्याख्या काय? वाळीत टाकणं नेमकं कशाला म्हणायचं?” मी लगेच सांगितलं: गावकीच्या बैठकीत जाहीर केलेला, सर्वांवर बंधनकारक असा संबंध तोडण्याचा निर्णय. मॅडम म्हणाल्या, “जाहीरच कशाला करायला हवा?” मी म्हटलं, जाहीर केला नाही तर लोकांना कळणार कसा? त्या नुसत्या हं म्हणाल्या. त्यांच्या हंमुळे माझी झोप उडते.

७ मार्च

आज जे झालं ते लगेच लिहून ठेवते.

मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी समोर बसून नको ते खडे काढत होते. एकदम म्हणाली, “निकेतला मी न्हाव घातलाय. त्याचे आईला, रंगूला ताप व्हता, बालाला घेवाला कोनी नव्हता. त्याचे हल्दीला मी गेले नाय. ता मना सलता.”

“मग कोर्टात सांगाल?” मी विचारलं. संयम वगैरे गेला उडत.

सूप मांडीवर ठेवून म्हणाली, “काल देवलान रंगूचा नवरा भेटला. त्याला सांगितलाय. खरा हाय ता बोलेन.”

मला तिला मिठी मारायची होती, पण तिच्या मांडीवर सूप होतं.

माझा प्रबंध ‘साक्षीदार गप्प का होतात’ यावर आहे, आणि माझी साक्षीदार बोलणार आहे. म्हणजे विषय बदलायला लागेल. आनंदाने बदलीन!

१५ मार्च

शिमगा झाला. गावची पालखी सगळ्यांच्या दारी थांबली, रामचंद्रकाकांच्या दारापुढून मात्र भोई पळतच गेले. रंगूकाकू ओटीवर आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. तीन वर्षं त्या दर शिमग्याला तशाच उभ्या राहतात, असं क्रांती म्हणाली. मी इतकी चिडले की रात्री जेवले नाही. मावशी म्हणाली, “तुझ्या न जेवल्याने पालखी मागे फिरल काय?”

१३ एप्रिल, रविवार

आज गावदेवीची जत्रा. आज मी पहिल्यांदा फक्त बघत बसले नाही, काहीतरी केलं.

इथली रीत अशी. देवीला बोकड देतात आणि देवळापुढे केळीच्या पानांवर मटणाचे घरटी वाटे मांडतात. प्रत्येक वाटा सारखा, श्रीमंत-गरीब काही नाही. घराचं नाव पुकारलं की त्या घरच्याने पुढे होऊन उचलायचा. तो वाटा शिजवून खाल्ला म्हणजे ते घर वर्षभर गावात धरलं. रामचंद्रकाकांचं नाव तीन वर्षं पुकारलेलं नाही.

शेवटी बाळाजी नाना उभे राहिले आणि म्हणाले, “ही अमिषा शिकाला आलीय, येसूचे घरची पाहुनी. तिचा पन वाटा काढा.” सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मावशीचा चेहरा असा फुलला की मलाच लाज वाटली. माझा स्वतःचा वाटा! एम.ए.च्या पदवीपेक्षा मला त्याचं जास्त अप्रूप वाटलं, खरंच.

आणि मग माझ्या डोक्यात आलं. मावशीचा वाटा घरात आहेच. मग माझा कोणाला द्यायचा, हे माझं मी ठरवणार. मी पान उचललं आणि सरळ समोरच्या गल्लीत, रामचंद्रकाकांच्या ओटीवर गेले. देवळापुढून सगळं दिसतं. दिसू दे, म्हटलं.

रंगूकाकू दारात आल्या. पान बघून हात पुढे केला नाही. म्हणाल्या, “येसूला इचारलंस का?”

“त्यात विचारायचं काय? माझा वाटा आहे,” मी म्हटलं आणि ओटीवर ठेवला.

त्या पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. तीन वर्षांनी देवीचा प्रसाद घरात आला. मलाही रडू आलं. असे अश्रू कोणत्या तक्त्यात बसवायचे?

परत आले तेव्हा मावशी चुलीपाशी होती. मी सगळं सांगितलं. तिने मटणाचा टोप उतरवला, माझं ताट वाढलं, धर्माकाकांचं वाढलं, आणि स्वतः भांडी घासायला बसली. जेवली नाही. दिवसभर उन्हात उभी होती, दमली असेल.

१४ एप्रिल

मॅडमना जत्रेचं सांगितलं. म्हणाल्या, “अमिषा, तो वाटा तुझा होता?” म्हटलं, हो, माझ्या नावाने काढला. त्या म्हणाल्या, “तू राहतेस कोणाकडे?” मॅडमना कधी कधी नीट ऐकू येत नाही असं वाटतं. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

१९ एप्रिल

सगळंच अडतंय. मितेशची रिक्षा आज पुन्हा ‘फुल’ होती, मागची सीट रिकामी असून. “बुकिंग है मॅडम,” माझ्याकडे न बघता. चालत रेवदंड्याला गेले, टाचेला फोड आला. गिरणी बंद. म्हणजे चालू होती, आवाज येत होता, पण मावशीचा डबा नेला तर गिरणीवाला म्हणाला पट्टा तुटलाय. कोळीण सकाळी गल्लीत ओरडत आली आणि आमच्या दारापाशी नेमकी गप्प झाली. मी हाक मारेपर्यंत पुढे गेली. उन्हाळ्याने सगळ्यांची डोकी फिरलीत.

धर्माकाका घरीच आहेत. डंपर गॅरेजला टाकलाय म्हणे. ते दिवसभर ओटीवर बसून खिळे सरळ करतात.

२४ एप्रिल

आज एक चांगला मुद्दा सुचला. लग्नाचा हंगाम भरात आहे, रोज कुठून तरी डीजे ऐकू येतो, आणि मावशीला बोलावणं नाही. गेल्या आठवड्यात गल्लीतच हळद होती, तिथेही मोबाईलवर गाणी लावून उरकलं. टिपणात लिहिलं: ‘बाजारू करमणुकीमुळे धवलारीण ही संस्था वेगाने लयाला जात आहे.’ याच्यावर वेगळा लेख होईल.

मावशीला विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाली, “घसा बसलाय माझा. मीच नाय सांगितला.”

आणि परसात जाऊन कोंबड्यांना दाणे टाकताना ती गुणगुणत होती. घसा मला तरी ठीक वाटला. मानी बाई आहे, परंपरा मरतेय हे कबूल करवत नसेल.

२८ एप्रिल

झोप नाही. का, ते कळत नाही. खोलीतून अंगणात, अंगणातून खोलीत. क्रांती माझ्याशी तुटक बोलते. लग्न तीन आठवड्यांवर आलं तरी घरात लग्नघराची गडबड म्हणून नाही. विचारलं तर “होईल” म्हणाली. मांडवाचे बांबू परवा आणून टाकलेत, तसेच पडलेत. इथे मांडव घरटी एक माणूस येऊन घालतो. लोक लग्नात बिझी असतील.

मी कुठेतरी काहीतरी चुकवतेय असं वाटतं. इस्त्री चालू राहिलीये असं बाहेर पडल्यावर वाटतं ना, तसं.

३० एप्रिल

क्रांती आज फुटली.

मी सहज म्हटलं, “हळदीला मी काय नेसू?” तिने हातातला डबा आपटला.

“हळद? कोण येणारे हळदीला? ताई, तू एवढी शिकलीस, तुला दिसत नाही? जत्रेच्या दुसऱ्या दिवसापासून या घरात कोण आलंय सांग. एक माणूस सांग! बाबांना गाडीवरून उतरवलं. मला गावाच्या ग्रुपमधून काढलं. आईला एक बोलावणं नाही. माझ्या सासरच्यांचा काल फोन आला, तुमचं गावाशी काही झालंय का म्हणून.”

मी म्हटलं, “पण बैठक कुठे झाली? कोणी काही जाहीर—”

ती हसली. ते हसणं मी विसरणार नाही. “जाहीर कशाला करायचं? सगळ्यांनी बघितलं ना. गावाने दिलेला वाटा आमच्या घरच्या पाहुणीने वाळीतल्या दारात नेऊन ठेवला. तो तुझा नव्हता, ताई. येसूच्या घरची पाहुणी म्हणून दिला होता. तू ठेवलास म्हणजे आईने ठेवला.”

मी माझ्या व्याख्येकडे बघत बसले. जाहीर केलेला निर्णय. गिरणीचा पट्टा, रिकामी सीट, गप्प झालेली कोळीण, खिळे सरळ करणारे काका, सगळं मी माझ्या हाताने तारखेसकट लिहून ठेवलंय. आणि डीजे! परंपरेचा ऱ्हास! मला माझी शिसारी आली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आमच्याकडे म्हणतात. पण यात हसण्यासारखं काहीच नाही.

१ मे

मावशीपुढे बसले. “मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? तू चांगल्या मनानी केलास. चांगला करनाऱ्या मानसाला ओरडाचा कसा?”

मी म्हटलं, तक्रार करू. कायदा आहे, मला कलमं पाठ आहेत, उद्या ठाण्यात जाऊ.

“रामचंद्र गेलता ना ठान्यान,” ती म्हणाली. “तीन वर्सां झाली.”

“मग मी नानांच्या पाया पडते. चूक माझी आहे म्हणून सांगते.”

“तू पोर. तू उद्या जाशील. पाया परून उपेग नाय, त्यांना काय पायजे ता मना म्हाईत हाय.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “काल येऊन गेले. चांगलाच बोलले. पोरीची हल्द हाय, गाव येल म्हनाले. सा तारखेचा तेवरा बघ म्हनाले.”

धर्माकाका ओटीवरून उठून परसात निघून गेले.

मी विचारलं, “मग?” आणि विचारल्या विचारल्या कळलं की हा प्रश्न विचारण्याचा हक्क मी गमावलाय. मावशीने माझी पिशवी भिंतीपाशी आणून ठेवली. कपडे घडी करून आत भरलेले होते. वर कागदात बांधलेले सांडगे, आईला म्हणून.

मितेशने मला रेवदंड्याला सोडलं. सीट होती.

४ मे, पाली

आई विचारते काय झालं. सांगितलं की काम संपलं. बाबा म्हणाले, “लवकर संपलं!” मी देवळात जाऊन बसले. गर्दी नव्हती. देवाकडे मागायचं काय, हेच ठरेना. मावशीने खरं बोलावं असं मागितलं, तर क्रांतीचा मांडव रिकामा. खोटं बोलावं असं मागितलं, तर रंगूकाकू जन्मभर ताट घेऊन उभ्या. नुसतीच हात जोडून परत आले.

६ मे, मंगळवार, अलिबाग

कोर्टात मागच्या बाकावर बसले. पुढे एका बाजूला रामचंद्रकाका आणि रंगूकाकू. दुसऱ्या बाजूला बाळाजी नाना आणि त्यांच्यामागे निम्मं गाव, कडक इस्त्रीचे शर्ट घालून.

मावशी हिरवी साडी नेसून आली. हळदीला नेसते तीच. पुकारा झाला, पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलांनी विचारलं, निकेत पाटील यांच्या हळदीला तुम्ही का गेला नाहीत?

ती म्हणाली, “घसा बसला व्हता माझा, साहेब. मीच नाय सांगितला.”

तेच शब्द. कोंबड्यांना दाणे टाकायला जाताना म्हणाली होती तेच. तेव्हा ती मला सांगत नव्हती, पाठ करत होती की काय, कोण जाणे.

“तुम्हाला कोणी अडवलं होतं?”

“नाय. आमचे गावान तसा काय नाय.”

वकिलांनी फितूर जाहीर करा म्हणून सांगितलं. जबाब वाचून दाखवला. ती प्रत्येक ओळीला “असा मी बोलले नाय” म्हणत गेली, आवाज न चढवता. एकदाच मान वर केली आणि तिची नजर माझ्यावर आली. मला वाटलं त्यात राग असेल. राग असता तर बरं झालं असतं. जत्रेच्या दिवशी माझं ताट वाढताना होती तशीच नजर होती.

बाहेर रामचंद्रकाका बाकावर बसले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. तेच म्हणाले, “येसूचा राग धरू नको. ती बोलनार व्हती. मना देवलान वचन दिलता तिने. पन तू वाटा घेऊन आलीस ना त्या दिवशी, तवाच रंगू रडली. म्हनाली, गेली आपली येसू.”

मी तेव्हा काय लिहिलं होतं? तीन वर्षांनी देवीचा प्रसाद घरात आला. मलाही रडू आलं.

८ मे

क्रांतीचा मेसेज: ‘आईला आज दोन घरांतून बोलावणं आलं. बाबा गाडीवर गेले. मांडव घालून झालाय. तू हळदीला ये. आई म्हणते पाहुणी आली पाहिजे.’

पुढे काही नाही. हसरा चेहरा वगैरे काही नाही.

११ मे

मॅडम फोनवर जवळजवळ आनंदात होत्या. “अमिषा, हेच तुझं शेवटचं प्रकरण! साक्षीदार कसा फिरतो, हे इतक्या जवळून कोणी पाहिलंय? नावं बदल आणि लिही.”

मी म्हटलं, नावं बदलून काय होणार? या जिल्ह्यात बाळाजी नानांसारखे पुष्कळ असतील, पण खटल्यात साक्षीदार असलेली धवलारीण एकच आहे. छापून आलं की कोणालाही तिच्याकडे बोट दाखवता येईल.

“मग लिहिणार काय?”

माहीत नाही, म्हटलं. मॅडम या वेळी हं म्हणाल्या नाहीत. “तू जाऊन ये हळदीला,” एवढंच म्हणाल्या.

१८ मे, रविवार

जाऊन आले. एसटीत बसून लिहितेय, अक्षर हलतंय.

सगळं गाव होतं. गिरणीवाल्याने मांडवाला झालर लावली होती. कोळणीने सुरमईची टोपली आणून दिली होती. मितेश पाहुण्यांना फुकट ने-आण करत होता, मला म्हणाला, “मॅडम, सेल्फी?” माझ्याशी सगळे इतकं प्रेमाने बोलत होते की मला क्षणभर वाटलं, हे सगळं मी रचलं तर नाही? तेच लोक. त्यांचं प्रेमही खोटं नव्हतं, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं.

क्रांती पाटावर बसली. शेजारच्या गावची म्हातारी धवलारीण आणली होती, पण तिने दोन गाणी म्हटल्यावर बायाच ओरडल्या, “येसू, तूच म्हन!” मावशी पुढे आली. पहिली ओळ उचलली आणि सगळा मांडव गप्प झाला. घसा मोकळा होता. इतका मोकळा आवाज मी फेब्रुवारीतही ऐकला नव्हता. गाता गाता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बाया म्हणत होत्या, आईचा जीव, दुसरा काय.

मग पंगत बसली. नानांनी मला हाताला धरून पहिल्या ओळीत बसवलं. स्वतः पान मांडलं, स्वतः भात आणि मटण वाढलं. “पाहुनीचा वाटा,” मोठ्याने म्हणाले. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. जत्रेसारख्याच.

मला बसवलं होतं ते गल्लीकडे तोंड करून. समोर रामचंद्रकाकांचं घर. ओटीवर दिवा होता आणि रंगूकाकू दारात उभ्या होत्या. निकेतला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या मुलीची हळद त्या रस्त्यापलीकडून बघत होत्या. वाऱ्यावर गाणं त्यांच्यापर्यंत जात असेलच. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं.

पान उचलायला एक क्षण लागला असता. गल्ली ओलांडायला तेवढाच. माझे हात पानाच्या कडेपर्यंत गेले, हे मी खोटं सांगत नाही. तेवढ्यात मावशी वाढायला आली. रश्शाचा टोप घेऊन माझ्या पुढ्यात थांबली. तिचा हळदीने पिवळा झालेला हात टोपाच्या कानावर घट्ट आवळलेला होता. माझ्या हातांकडे बघत होती. सगळी ओळ माझ्या हातांकडे बघत होती, आणि नानांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

साक्षीदार गप्प का होतात, हे शोधायला मी आले होते.

मी भात कालवला आणि खायला लागले. मावशीचा हात सैल झाला. तिने मला आणखी एक डाव रस्सा वाढला आणि पुढे गेली.

मी वर पाहिलं तेव्हा रंगूकाकू आत गेल्या होत्या. ओटीवरचा दिवा त्यांनी मालवला होता.

नाना दुसऱ्यांदा वाढायला आले. मी नको म्हटलं नाही.